किती टक्के हाय ते सोडा, आधी वास घ्या: कोल्हापुरात बसून क्राफ्ट बिअर शिकायची पद्धत

कोल्हापुरात बिअरबद्दल एकच प्रश्न असतोय, किती टक्के? बाटली हातात आली की ती फिरवून लेबलवरचा दारूच्या प्रमाणाचा आकडा बघायचा, आठ असला तर "हां, ही कडक", पाच दिसला तर "हे काय सरबत हाय व्हय". मी पण दहा-बारा वर्षं असाच होतो. स्ट्राँगची साडेसहाशे एमएलची बाटली, सोबत भडंग नाहीतर खारे शेंगदाणे, आणि बिअर जितकी गार तितकी चांगली एवढंच ज्ञान. चवीचा विचार कधी केलाच नाही, आणि खरं सांगायचं तर जे पीत होतो त्यात विचार करण्यासारखं फारसं काही नव्हतंच.

मग एकदा पुण्याला गेलो असताना मित्रानं एका ब्रूपबमध्ये, म्हणजे बिअर जागेवरच बनवणाऱ्या पबमध्ये नेलं आणि मी मेन्यूवरचे आकडे बघून त्यातल्या त्यात जास्त टक्क्यांची म्हणून आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल नावाची जात मागवली. पहिला घोट घेतला आणि लहानपणी आजी नाक दाबून पाजायची तो काडेचिराईताचा काढाच आठवला. एवढे पैसे मोजून काढा पितोय म्हणून स्वतःवरच चिडलो, अर्धा ग्लास तसाच ठेवला. मित्रानं त्याच्या ग्लासातला एक घोट पुढे केला, गढूळ पिवळी, वर जाड फेस, नाकाजवळ नेली तर वास चक्क शिकरणीचा, पिकल्या केळ्याचा, आणि मागून कुणीतरी लवंग ठेचून टाकल्यासारखा. मी त्याला विचारलं यात केळं घातलंय का, तो म्हणाला केळं नाही, लवंग नाही, काहीच नाही, हे सगळं यीस्टचं काम. त्या दिवशी डोक्यात किडा वळवळायला लागला तो अजून शांत झालेला नाही.

तर खाली जे लिहितोय ते मी ज्या क्रमानं शिकलो त्या क्रमानं नाही, ज्या क्रमानं शिकायला पाहिजे होतं त्या क्रमानं आहे. आणि एक आधीच सांगतो, महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं आणि कायद्यानं प्यायचा परवाना पण लागतो, एक दिवसाचा परवाना दुकानात मिळतो. २१ च्या आतल्यांनी ताक प्या, त्याबद्दल पण खाली येणारच आहे.

आधी बिअर म्हणजे काय ते आपल्या स्वयंपाकघरातनं समजून घ्या

यूट्यूबवर जर्मन शब्द ऐकून घाबरायचं काम नाही. तुमच्या घरी नाचणी सत्त्व होत असेल तर माल्ट तुम्हाला माहीत आहे. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, बस. नाचणीच्या जागी बार्ली, म्हणजे सातू किंवा जव. मोड आले की दाण्यात पिष्टाची साखर करणारी एन्झाइम तयार होतात, मग वाळवताना उष्णता किती द्यायची यावर रंग आणि चव ठरते. कमी भाजलं की पिवळं आणि बिस्किटासारखं, जास्त भाजलं की तांबूस आणि कॅरमलसारखं, पार काळं केलं की कॉफी. गुऱ्हाळावर काहिलीत रस आटताना रंग आणि वास कसा बदलत जातो ते बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. एका जातीच्या माल्टला तर मला हुबेहूब काकवीचा वास येतो, क्रिस्टल माल्ट म्हणतात त्याला, आणि हे मी पुण्याच्या पोरांना सांगितलं तर त्यातल्या निम्म्यांना काकवी माहीत नव्हती.

हे माल्ट भरडून साधारण ६५ अंशाच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचं, पिष्टाची साखर होते आणि गोड पाणी मिळतं. ते गाळून तासभर उकळायचं आणि उकळताना हॉप्स टाकायचे. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी फुलं, छोट्या शंकूसारखी दिसतात. कडूपणा त्यांचा, आणि लिंबू, पपनस, आंबा असले वास पण बऱ्याचदा त्यांचेच. (ही वेल गांजाच्या कुळातली आहे, हे ऐकून आमच्या तालमीतला एक गडी एकदम सरसावून बसला होता, त्याला सांगावं लागलं की बाबा कूळ एक आहे, गुण वेगळे.) मग गार करून यीस्ट टाकायचं, म्हणजे विरजणच लावायचं. दूध तेच असून एका घरचं दही गोड आणि दुसऱ्या घरचं आंबट का होतं, विरजण आणि ऊब. इथं पण तेच.

एल आणि लागर हा सगळा घोळ या उबेचाच आहे. एलचं यीस्ट साधारण १८ ते २२ अंशाला काम करतं, पटकन आंबवतं, आणि जाता जाता फळांचे, मसाल्यांचे वास सोडतं. लागरचं यीस्ट थंडीतलं, ८ ते १३ अंशाला सावकाश, वर पुन्हा कित्येक आठवडे शून्याच्या आसपास ठेवून द्यायचं, त्यामुळं चव स्वच्छ, वास कमी. आपण आजपर्यंत बाटलीतनं प्यायलो त्या जवळपास सगळ्या लागर. त्या पिवळ्याधमक घराण्याचं मूळ गाव चेक देशातलं प्लझेन. तिथली बिअर इतकी बिघडत होती की १८३८ साली गावकऱ्यांनी ३६ पिंपं चौकात ओतून दिली, मग नवीन ब्रूअरी बांधली, बव्हेरियातनं योझेफ ग्रोल नावाचा माणूस आणला आणि १८४२ मध्ये त्यानं जी बिअर काढली ती पिल्सनर. गावानं चिडून बिअर ओतली म्हणून जगाला पिल्सनर मिळाली, हे कोल्हापूरकराला लगेच पटतंय बघा.

क्राफ्ट म्हणजे मग काय, तर छोट्या ब्रूअरीत, स्वतःच्या रेसिपीनं, चवीसाठी केलेली बिअर, एवढं धरून चाला. अमेरिकेत १९७०-८० च्या दशकात हे वेड वाढलं, आपल्याकडं पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झालं, बंगळुरात टॉइट वगैरे ब्रूपब आले, २०१५ ला बीरा हा बाटलीतला ब्रँड आला आणि मग बाटलीत पण वेगळी चव मिळते हे लहान गावांना कळलं.

पैसे खर्च करायच्या आधी नाक तयार करा

ही पायरी लोक सोडतात आणि मग म्हणतात मला सगळ्या बिअर सारख्याच लागतात. आपल्याला वास येतोय, पण त्याचं नाव सापडत नाही, अडचण तेवढीच आहे. एका रविवारी आठ वाट्या घ्या. धणे, लवंग, संत्र्याची साल, कॉफी पावडर, गूळ, करपलेला पाव, काळं पडलेलं केळं, आणि आठवीत काळी मिरी. डोळे झाका आणि घरातल्या कुणाला तरी एकेक वाटी नाकापुढे धरायला सांगा. पहिल्यांदा माझे आठातले चार चुकले होते, लवंग आणि मिरीत गोंधळ झाला, बायको एवढी हसली की बस, तिचे आठही बरोबर आले. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला या खेळात मोठा फायदा असतो, त्यामुळं घरात बिअर शिकायची असेल तर आई-बायकोच्या नाकाला मान द्या, त्यांनी घोट नाही घेतला तरी चालतंय.

दुसरा प्रयोग तुम्ही आत्ता जी पिता तिच्यावरच करा. एकाच कंपनीची माइल्ड आणि स्ट्राँग, दोन्ही फ्रिजमधनं काढून दोन काचेच्या ग्लासात ओता आणि दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. थोडी ऊब आली की आधी नुसता वास, मग घोट. स्ट्राँगमध्ये घशाशी जो जळजळता गोडसरपणा येतो तो तुम्हाला आजपर्यंत कळला नव्हता कारण ती बर्फगार असते आणि गारठ्यानं जीभ बधिर होते. मी हा प्रयोग केल्यापासून स्ट्राँग जवळपास बंद झाली, कुणी उपदेश केला म्हणून नाही, गरम झाल्यावर ती मला प्यायलाच जाईना.

दुकानात काय बघायचं

कोल्हापुरात वाईन शॉप किंवा बिअर शॉपीत पर्याय मोजके असतात आणि ते महिन्यागणिक बदलतात, त्यामुळं अमुकच घ्या असं सांगून उपयोग नाही, बघायचं काय ते सांगतो. पहिली गोष्ट तारीख. बिअर म्हणजे व्हिस्की नव्हे, ठेवून भारी होत नाही (काही जड जाती सोडा). विशेषतः हॉप्सवाल्या बिअरचा वास आधी उडतो, आयपीए दोन-तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर घ्या, एक्स्पायरी जवळ आलेली असेल तर स्कीममध्ये मिळाली तरी नको.

दुसरं म्हणजे उजेड. हॉप्समधल्या कडू द्रव्यावर ऊन किंवा ट्यूबलाइटचा उजेड पडला की त्यातनं एक सल्फरचं संयुग तयार होतं आणि बिअरला उग्र कुबट वास मारतो. तपकिरी काच बरीच वाचवते, हिरवी कमी, पांढरी जवळपास नाहीच, आणि कॅन सगळ्यात सुरक्षित. मी एकदा एका दुकानातनं दर्शनी काउंटरवर, दुपारच्या उन्हात मांडलेली हिरवी बाटली मोठ्या हौसेनं घेतली, फॉरेनची म्हणून किंमत पण तशीच, घरी उघडली तर वास असा की बायकोनं विचारलं गॅस लीक होतोय का. तेव्हापासून शोकेसमधली बाटली घेत नाही, मागच्या खोक्यातली नाहीतर बंद फ्रिजमधली काढून द्या म्हणतो, दुकानदार वैतागतोय, वैतागू दे.

ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आली तर ती बिअर जुनी आहे, हवा लागलीय. लोण्यासारखा, बटर पॉपकॉर्नसारखा वास आला तर घाईघाईत आंबवलेली असू शकते. हे दोन दोष ओळखता आले तरी पब मधल्या निम्म्या लोकांच्या पुढं गेलात.

ओतायची रीत, आणि ते ग्लिसरीनचं खूळ

काचेचा ग्लास पाहिजे, स्टीलचा पेला नको, रंग आणि फेस बघायचाय. ग्लास साबणानं धुतला तर भरपूर पाण्यानं खळबळा आणि उपडा ठेवून वाळवा, फडक्यानं पुसू नका. तेलाचा अंश राहिला की फेस बसतो. ओतल्यावर ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले तर समजा तिथं तेल आहे, आणि भडंग खाल्लेल्या बोटानं ग्लासची कड धरणाऱ्यांना तर वेगळं सांगायला नको. ग्लास फ्रीझरमध्ये ठेवून पांढरा करायचा शौक पण सोडा, बर्फ विरघळून बिअर पातळ होते आणि फेस नुसता उसळतो.

ग्लास तिरका धरून निम्म्याच्या वर ओता, मग सरळ करून मधोमध, दोन बोटं फेस यायला पाहिजे. आपल्याकडं फेस आला की "अरे हवा भरलीस" म्हणतात, पण वास त्या फेसातनंच वर येतोय. गव्हाची बिअर असेल तर शेवटची थोडी बाटलीत ठेवून हळू गोल फिरवा आणि तळाचा गाळ पण ग्लासात घ्या, तो यीस्ट आहे, चवीचाच भाग.

आता ग्लिसरीन. परमिट रूममध्ये पाण्याच्या ग्लासात बाटली उपडी धरून "ग्लिसरीन काढणारा" एक तरी तज्ज्ञ प्रत्येक टेबलावर असतोय. मी स्वतः कॉलेजला असताना हे काम मोठ्या गंभीरपणे करायचो. तर बाबांनो, कंपन्या बिअर टिकावी म्हणून ग्लिसरीन घालत नाहीत. आंबवताना यीस्ट थोडंसं ग्लिसरॉल स्वतःच तयार करतं, पण ते सगळ्या बिअरमध्ये विरघळलेलं असतंय, बाटलीच्या तोंडाशी येऊन तुमची वाट बघत बसत नाही. बाटलीतनं खाली दोऱ्यासारखं उतरताना दिसतं ती बिअरच, पाण्यापेक्षा किंचित जड म्हणून खाली येते आणि तिच्या जागी पाणी वर चढतं. म्हणजे आपण पैसे देऊन घेतलेली बिअर ग्लासात सांडून बाटलीत पाणी भरतोय. हे सांगितल्यावर दोन मित्र माझ्याशी भांडले, एक अजून काढतोय.

कुठली आधी, कुठली नंतर

गव्हाच्या बिअरपासून सुरू करा. त्यात दोन घराणी आहेत. जर्मन हेफेवायझेन, निम्म्याहून जास्त गव्हाचं माल्ट, तीच शिकरण-लवंगवाली. आणि बेल्जियन विटबिअर, यात मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखर घालतात. ही जात जवळपास संपली होती, १९६० च्या दशकात ह्यूगार्डन गावात पिएर सेलिस नावाच्या माणसानं पुन्हा सुरू केली, तो आधी दूध पोचवायचं काम करायचा. गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभा राहिलो की मला हा माणूस आठवतो. बीरा व्हाइट पण याच वळणाची. कडूपणा नाममात्र, त्यामुळं लागर पिणाऱ्याला दचकायला होत नाही.

मग अंबर किंवा ब्राऊन एल, गूळ-काकवी-भाजका पाव या अंगाची. पण तिच्यावर फार रेंगाळू नका, लगेच स्टाउट घ्या, कारण स्टाउट एक मोठा गैरसमज मोडते. काळी बिअर म्हणजे कडक असं आपल्या डोक्यात बसलंय. डब्लिनची गिनीज सगळ्या जगात प्रसिद्ध, काळीकुट्ट, आणि तिची ड्राफ्ट नावाची जात ४.२ टक्के. आपल्या स्ट्राँगच्या निम्म्याच्या आसपास! काळा रंग भाजलेल्या बार्लीचा, दारूचा नव्हे. (आर्थर गिनीजनं १७५९ मध्ये ती जागा ९००० वर्षांच्या करारानं वर्षाला ४५ पौंड भाड्यावर घेतली होती. आपल्याकडच्या जुन्या पेठेतल्या भाडेकरूंना पण हे जमलं नाही.) वास घ्या, बिनसाखरेची फिल्टर कॉफी, थोडं डार्क चॉकलेट, कधी करपलेल्या भाकरीची कड.

आयपीए आता, चौथ्या-पाचव्या बैठकीला. नावात इंडिया आहे म्हणून आपली समजू नका, इथं यायची ती बाहेरनं. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रूअरीची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी यायची, सुएझ कालवा नव्हता, तो १८६९ चा, त्यामुळं आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिने प्रवास आणि विषुववृत्त दोनदा. हॉप्स जास्त घातलेली बिअर त्यात टिकायची कारण हॉप्स जंतू वाढू देत नाहीत, म्हणजे लोणच्याला मीठ-तेल जास्त घालतो तसं. मुद्दाम भारतासाठी कुणी शोध लावला ही गोष्ट रंगवलेली आहे, जास्त हॉप्सच्या बिअर आधीपासून होत्या, इथं त्या चालल्या एवढंच. नंतर अमेरिकेनं हे प्रकरण उचललं, १९७२ मध्ये तिकडं कॅस्केड नावाचा हॉप बाजारात आला, पपनसाच्या सालीसारखा वास, आणि आज तुम्ही पिताय त्या आयपीए बहुतेक त्या वळणाच्या. मेन्यूवर आयबीयू लिहिलेलं असेल तर तो कडूपणाचा आकडा, साध्या लागरला दहा-वीसच्या घरात, आयपीएला चाळीस-सत्तर. पहिल्यांदा चाळीसच्या आसपासची घ्या. आणि पहिल्या घोटावर निकाल देऊ नका, तिसऱ्या घोटापर्यंत जीभ कडूला सरावते आणि मागनं फळांचा वास येतो. कारल्याची भाजी लहानपणी आवडत होती का? आता आवडते ना, तसंच.

सगळ्यात शेवटी आंबट बिअर. जर्मनीत गोझे म्हणून जात आहे, आंबट, त्यात धणे आणि चक्क मीठ. लोक नाक मुरडतात, पण माझ्या मते मराठी माणसाला ही सगळ्यात लवकर समजायला पाहिजे, कारण आंबट, खारट आणि धण्याच्याच झाडाची कोथिंबीर घातलेलं पेय आपण लग्नाच्या पंगतीत वाट्या भरभरून पितो आणि त्याला मठ्ठा म्हणतो. इकडच्या ब्रूअर लोकांनी कोकम घालून पण असले प्रकार केलेत, मिळालं तर सोडू नका.

पुण्याची वारी

बाटलीवर किती जरी शिकलात तरी टँकमधनं आलेली ताजी बिअर वेगळीच, आणि त्यासाठी एकदा तरी पुणे गाठावं लागतंय. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, पण गाडी स्वतःची नेऊ नका, रेल्वे नाहीतर एसटी, रात्री मुक्काम. हायवेला पिऊन परत यायचा विचार करणाऱ्यानं हे सगळं शिकायच्या भानगडीतच पडू नये.

दुपारी जा, शनिवारी रात्री नको, कानठळ्या बसणाऱ्या गाण्यात वास पण येत नाही आणि वेटरला बोलायला वेळ नसतो. बसल्या बसल्या पूर्ण ग्लास मागवू नका, सँपलर आहे का विचारा, छोट्या छोट्या ग्लासात चार-सहा प्रकार एका फळीवर येतात. नसेल तर चव बघायला थोडी द्या म्हणा, बहुतेक ठिकाणी देतात, लाजायचं काय त्यात, आपण आंबे घेताना फोड मागतोच की. क्रम हलक्यापासून जडाकडं आणि कमी कडूपासून जास्त कडूकडं. मधे पाणी. आणि विचारायचा प्रश्न, "यातली सगळ्यात ताजी कुठली?" कडक कुठली विचारलं की तो तुम्हाला ओळखतो, ताजी कुठली विचारलं की आतल्या ब्रूअरला पण कधी कधी बाहेर बोलावतो, माझ्या बाबतीत दोनदा झालंय, एकदा तर आत नेऊन कच्चं माल्ट चावायला दिलं, गोडसर, कुरकुरीत, भडंगमध्ये घालावं असं.

ॲपल सायडर मेन्यूवर दिसेल, छान असतंय पण ती बिअर नव्हे, सफरचंदाचा आंबवलेला रस. मीड म्हणजे मधाची. घ्या जरूर, पण बिअर शिकायच्या दिवशी नको.

गोव्याकडं पण चांगल्या ब्रूअरी आहेत, एट फिंगर एडी नावाची आयपीए तिकडचीच. पण जे काय प्यायचं ते तिथंच. येताना डिकीत दोन खोकी टाकून आणायचा मोह सगळ्यांना होतो, परवान्याशिवाय राज्याची हद्द ओलांडून दारू आणणं गुन्हा आहे आणि आंबोली, फोंडा, गगनबावडा कुठल्याही वाटेनं या, एक्साइजवाले बसलेले असतात. क्राफ्ट आहे साहेब, हे तिथं चालत नाही.

तांबड्या-पांढऱ्याबरोबर काय

इथं मी स्वतः बऱ्याच चुका केल्यात त्यामुळं जरा सविस्तर. तांबड्या रश्श्याबरोबर आयपीए कधीच नको. तिखटाची आग आणि हॉप्सचा कडूपणा एकमेकाला चढवतात, वरून बिअरचा बुडबुडा पोळलेल्या जिभेला टोचतो, मला तर कानातनं धूर आला होता. स्ट्राँग पण तसंच, दारूचं प्रमाण जास्त म्हणजे आग जास्त. तिखटाला लागतोय थोडा गोडवा आणि कमी कडू, म्हणून अंबर एल किंवा हेफेवायझेन.

पांढऱ्या रश्श्याबरोबर विटबिअर, ही माझी सगळ्यात आवडती जोडी. खसखस, काजू, नारळाचा तो स्निग्धपणा आणि बिअरमधले धणे-संत्रं, प्रत्येक वाटीनंतर जीभ धुऊन निघते आणि पुढची वाटी पहिल्यासारखी लागते. सुक्क्या मटणाबरोबर स्टाउट. का, तर सुक्क्यात खोबरं आणि कांदा काळपट होईस्तोवर भाजलेला असतो आणि स्टाउटमध्ये बार्ली, भाजल्याचा वास भाजल्याच्या वासाला ओळखतो. एकदा करून बघा, पण स्टाउट फ्रिजमधनं काढून वीस मिनिटं बाहेर ठेवा, दहा-बारा अंशाला ती खुलते, पार गार असली तर नुसतं काळं पाणी. तळलेल्या माशाला साधी पिल्सनर पुरे, तिथं डोकं लावायची गरज नाही. मिसळीबरोबर काय असं एकानं विचारलं होतं, मिसळ सकाळी खातात भावा, तिच्याबरोबर पाव.

घरी चार जण जमवून

एकट्यानं शिकणं महागात पडतं, क्राफ्टच्या एका पिंटच्या पैशात साध्या दोन येतात. म्हणून चौघांनी वर्गणी काढायची, चार प्रकार, प्रत्येकाला छोटे ग्लास, बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून नंबर टाकायचे म्हणजे लेबल बघून कुणी हुशारी मारत नाही. प्रत्येकानं दोन शब्द लिहायचे, आणि नियम एकच, "भारी" आणि "बेकार" हे शब्द लिहायचे नाहीत. आमच्यातल्या एकानं पहिल्या वेळी चारही ठिकाणी "बरी हाय" लिहिलं. तिसऱ्या वेळी त्याच माणसानं एका ब्राऊन एलपुढं लिहिलं, "गुऱ्हाळ, संध्याकाळची येळ, राख." त्याच्या मामाचं गुऱ्हाळ होतं बीडशेडजवळ. ती ओळ मी जपून ठेवलीय.

पुस्तकी शब्द नाही आले तरी चालतंय. ओल्या मातीचा वास, दप्तरातल्या पेन्सिलीचा, चिंचेच्या कोवळ्या पाल्याचा, जे आठवेल ते लिहा. फक्त कुणी साधी लागर मागवली तर त्याला अक्कल शिकवू नका, उन्हाळ्यात रंकाळ्यावरनं फिरून आल्यावर मी पण गपचूप तीच घेतो.

बाटलीत उरलीच थोडी तर ओतून टाकू नका. कांदा भजीच्या पिठात पाण्याच्या ऐवजी गार लागर किंवा विटबिअर घाला, सोडा घालायचा नाही, पीठ जास्त फेटायचं नाही, लगेच तळायला घ्यायचं. आयपीए मात्र नको, भजी कडू होतात, आमच्या घरी एकदा सगळा घाणा कुत्र्यापुढं ठेवावा लागला आणि त्यानं पण हुंगून सोडून दिला.